खोट

पाचव्या मिनिटाला इंजनानं पुन्हा मान टाकली.

आधी आवाज चिरका चढला, मग दोन आचके बसले आणि सारं शांत. सागाच्या बुंध्यात वीतभर शिरलेली साखळी तिथंच दात रुतवून राहिली. वरून दोन-चार मोठाली पानं हेलकावे खात उतरली आणि त्यांतलं एक उकंडाच्या डोक्यावर टेकलं. दहाव्याला भादरलेल्या त्या डोक्यावर आता कुठं खुंटं उगवू लागली होती. पान क्षणभर बसलं आणि घसरून खाली पडलं.

इंद्रभाननं शेंड्याकडची मूठ सोडली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"पाय, म्या म्हनलंच होतं. पाच मिनिटं नाचते अन् मंग रुसते. तू घरी होता तितके दिस हेच. दोरी ओढू ओढू माहा खांदा निखळून राह्यला, उकंडाभाऊ."

"तू पेच फिरवले का रे याचे?"

"फिरवले."

"किती?"

"आता ते का मोजत बसलो मी? हिकडं फिरवला, तिकडं फिरवला. मालकानंबी फिरवला. नाक्यावरचा गार्ड आला होता, त्यानंबी हौस भागवून घेतली. साऱ्याईचा हात लागला याले."

उकंडानं इंजनावरचा भुसा झटकला. साऱ्यांचा हात लागला होता, हे खरंच. नाव मात्र एकाच हाताचं झालं होतं.

सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, ठेकेदार नारायणरावांचा सागाचा कूप होता, तोडीसाठी सरकारकडून घेतलेला जंगलाचा तुकडा. दुसरी मोठी लढाई संपल्यावर नागपुरात लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघाला, त्यातून त्यांनी हा इंजनाचा आरा उचलून आणला. दोघांनी धरायची वस्तू. एकाच्या हाती इंजन, दुसऱ्याच्या हाती साखळीचं शेंडं. त्याआधी वीस वर्षं उकंडा आणि इंद्रभान हातआरा ओढत आले होते, एक इकडून, एक तिकडून. त्यामुळं मशीनही त्या दोघांच्याच गळ्यात पडली. नागपूरचा एक हवालदार चार दिवस येऊन शिकवून गेला. तो हिंदीत बोलला, बोटानं दाखवत गेला. उकंडाला अक्षर येत नव्हतं, पण कान होता. पेट्रोलचा पेच किती उघडला की इंजन कसं गातं, हे त्यानं चार दिवसांत कानानं उचललं. हवालदार जाताना म्हणाला होता, "कान अच्छा है तुम्हारा."

तो कान जात्यापाशी घडलेला होता. उकंडाची बायको तानुबाई पहाटे दळायला बसायची आणि तो अंथरुणात डोळे मिटून ऐकत राहायचा. तिच्या ओव्या कुठल्या आया-बायांकडून आलेल्या, काही तिच्याच जोडलेल्या.

*डोंगराच्या वाटं बाई, साग उभे हारोहारी*
*भुसा माह्या धन्यावरी, जशी शाल जरतारी*

जात्यात घास जास्त पडला की तिचा सूर जड व्हायचा आणि घास संपत आला की वर चढायचा. मधल्या सुरात ती असली की पीठ मऊ पडतंय असं समजावं. इंजनाचंही तसंच होतं. पेट्रोल जास्त झालं की घोगरं, कमी झालं की चिरकं. मधला सूर धरून ठेवायचा, एवढंच काम.

तिला मूल झालं नाही. उकंडाला त्याच्या आईनं उकिरड्यावर लोळवून देवाकडून जगवून घेतलं होतं, म्हणून तर ते नाव. पण पुढं बोट धरायला देवानं कुणी दिलं नाही. घरात दोघांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. गावाला वाटायचं.

यंदाच्या दसऱ्याला तानुबाई पूजेचं ताट घेऊन कुपात वर आली. घरचा हातआरा, कुऱ्हाड, पाचर, सगळ्यांची पूजा तीच करायची. मग मशीनच कशी सोडायची? तिनं मशीनलाही फुलं वाहिली, आपट्याची पानं ठेवली आणि हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून मशीन पाचव्या मिनिटाला बंद पडू लागली.

तिसऱ्या दिवशी बोलणं फुटलं. नारायणरावांची आत्या अंबूबाई कुपातल्या डेऱ्यावर चूल सांभाळायची. बाई जुनी, तोंडानं तिखट. सगळे जेवायला टेकले होते. ती परातीतलं पीठ झाडत म्हणाली, "ज्या हातानं कधी पाळना हालला नाई, तो हात नव्या वस्तूले लागू देवू नाई रे बापू. मंग वस्तू रुसन नाई तं काय करन?"

तानुबाई तेव्हा उकंडाची भाकर घेऊन तिथंच उभी होती.

उकंडा ताडकन उठला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज डेऱ्यावर चढला. "खोट मशीनमंदी असन आत्याबाई. बाईत नाई. म्या दाखवून देईन."

"दाखव मंग," अंबूबाई म्हणाली. "कोनं अडवलं?"

नारायणरावांनी त्याच संध्याकाळी आत्याच्या सांगण्यावरून मशीन गोमूत्रानं धुऊन घेतली, नारळ फोडला. मशीन काही चालली नाही. तानुबाई मात्र पुन्हा डेऱ्यावर आली नाही. ती भाकर घेऊन यायची, नाल्याच्या अलीकडं थांबायची, दगडावर फडकं ठेवून मागं वळायची. उकंडानं दोनदा हाक मारली. तिनं फक्त हात हलवला.

मग हिवताप आला. डोंगराखालच्या गावाला तो काही नवा नाही. पोस्टात मिळायच्या त्या कोयनेलच्या औषधी पुड्या आणल्या, तीन घोंगड्या पांघरल्या. पण तिनं अंग सोडून दिलं होतं. थंडी भरून दात वाजत असतानाही तिचं एकच विचारणं.

"चालू झाली का जी मशीन?"

"नाई अजून."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उकंडाला खोटं बोलता यायचं नाही. लाकडावर सूत मारून त्याच रेघेवरून आरा नेण्यात जन्म गेलेला माणूस तो. शेवटच्या सकाळी तिनं फक्त ओठ हलवले, आवाज आला नाही. काय विचारतेय ते कळलं त्याला. तो "नाई" म्हणाला. तिनं समजल्यागत मान हलवली आणि तोंड भिंतीकडं केलं.

दिवाळी दारावरून निघून गेली. काल तेरवी झाली, आज तो कामावर आला होता.

"उकंडा," सकाळीच नारायणराव म्हणाले होते, "तुह्या दुखात मी काई बोललो नाई. पन महिन्याभरात कूप बंद होते. आज दिस मावळेपरंत मशीन चालली तं चालली. नाई तं उद्या गाडीत घालतो अन् देतो अकोल्याले धाडून. जे होईन ते होईन."

मशीन अकोल्याला गेली तर तिथं कुणीतरी ती खोलेल, काय ते काढून टाकेल, किंवा मोडीत विकेल. इथं कुणाला काही कळणार नाही. आणि मग अंबूबाईचं वाक्य सोनाळ्यात कायमचं राहील. तानू गेली, तिच्यामागं नाव सांगायला लेकरू नाही, तिच्या नावानं गावात उरेल ती एवढीच गोष्ट. ठेकेदाराची मशीन बंद पाडणारी वांझ बाई.

तेवढं त्याला पुसायचं होतं. दिवस मावळायच्या आत.

पाचरी ठोकून त्यांनी साखळी बुंध्यातून सोडवली. मशीन सावलीत आणली, खाली गोणपाट अंथरलं. उकंडानं आधी प्लग काढला. त्याचं तोंड भाजलेल्या विटेच्या रंगाचं, कोरडं. ठिणगी पाहिली, निळी. पेट्रोलची जाळी काढून फुंकली, साफ.

"आता कारबेटर," तो म्हणाला.

"तेच रे," इंद्रभान म्हणाला, "कारबेटरमंदीच भूत बसलं हाय."

"तुमी बसवलं ते. पेचकस दे."

पेट्रोलचा पेच त्यानं हलक्या हातानं बंद केला, अगदी टेकेपर्यंत, दाबला नाही. मग हवालदारानं दाखवलं होतं तसा एक फेर उघडला आणि वर पाव. इंद्रभाननं दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजन सुरू झालं. उकंडानं डोळे मिटले.

चिरकं होतं. केसभर उघडला. आता घोगरं झालं, धूर आला. अर्धा केस मागं घेतला. इंजन मऊ झालं. मग सावकाश चालीचा पेच. हात सोडला तरी इंजन विझू नये आणि साखळीही फिरू नये, इतका. मग एकदम वेग दिला. एक अडखळ नाही. त्या आवाजानं झाडावरचे होले उडाले आणि इंद्रभान खुळ्यासारखा हसला.

"वा रे वा! आता बोलून राह्यली!"

त्यांनी बुंध्याला साखळी लावली. भुशाची धार सुटली. उकंडा मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागला. कारबेटर बिघडला होता. पेच ढिले होते. हेच सांगायचं, सगळ्यांसमोर.

आणि मग आवाज चढला, चिरका. दोन आचके. शांत.

इंद्रभाननं मूठ सोडली. तो उकंडाच्या तोंडाकडं पाहायला धजला नाही. दुसरीकडं बघत म्हणाला, "पानी पेतं का?"

"नाई."

उकंडा मशीनसमोर उकिडवा बसून राहिला. पेच जागेवर होते. कारबेटरचा दोष नव्हता. त्यानं कारबेटरखालची पेट्रोलची वाटी सोडवली. वाटी कोरडी! टाकीत अर्ध्यावर पेट्रोल, आणि वाटीत थेंब नाही. म्हणजे इंजन तहानेनं मरत होतं. चढलेला तो आवाज म्हणजे घास संपलेल्या जात्याचा.

नळी काढून त्यानं फुंकली, मोकळी होती. नळी परत टाकीला लावून खाली हात धरला. पेट्रोलची बारीक धार आली, थेंब झाली आणि थांबली. टाकीत नक्की किती उरलंय ते बघावं म्हणून त्यानं वरचं झाकण फिरवलं.

झाकण सुटताना टाकीनं "सूंऽऽ" करून श्वास ओढला. आणि त्याच घडीला नळीतून पेट्रोल भळकन हातावर आलं.

उकंडानं झाकण घट्ट केलं. धार बारीक होत होत थांबली. सैल केलं. धार आली. घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडतं, दुसरं पाडावं लागतं. वरून हवा आत गेली तर खालून तेल बाहेर येणार. या टाकीलाही हवेची वाट असणार. दर वेळी मशीन बंद पडायची, हे लोक झाकण उघडून पेट्रोल बघायचे, तेवढी हवा आत जायची आणि तेवढ्यावर ती पुन्हा पाच मिनिटं जगायची. हवालदार त्याबद्दल बोलला नव्हता. त्याला ते बोलण्याजोगं वाटलं नसेल.

झाकण उन्हात धरलं. मधोमध एक खोलगट टिंब होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. बुजलेलं.

जवळच बाभळीची वाळकी फांदी होती. तिचा काटा मोडून त्यानं टिंबात रोवला, हळूच फिरवला. आत काहीतरी घट्ट बसलं होतं. काटा खाली टोचला तसा त्याच्या तळहातावर मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा एक कण पडला. तेलात कालवलेला, वाळून खडा झालेला. लालभडक.

उकंडानं तो बोटाच्या पेरानं फिरवून पाहिला.

दसऱ्याच्या दिवशी ती ताट घेऊन मशीनभोवती दोनदा फिरली होती. बोटावर तेलात कालवलेलं कुंकू. हसून म्हणाली होती, "कुऱ्हाडीचं कपाळ मले समजते, आऱ्याचं समजते. याचं कपाळ कोनतं जी?" आणि उकंडाही त्या दिवशी थट्टेत होता. त्यानं बोट दाखवलं होतं. "हे टोपडं दिसते ना, त्याच्या मधातच. तथी लाव." तिनं मग मन लावून, अंगठा दाबून दाबून, टिकली बसावी तसं ते कुंकू तिथं लावलं होतं. वरचं सगळं गोमूत्रानं धुऊन गेलं. आत शिरलेलं राहिलं.

म्हणजे अंबूबाई बोलली ते उलट्या वाटेनं का होईना खरं होतं. तानूच्याच हातानं मशीन बंद पडली होती. ज्या हातानं पूजा केली त्याच हातानं. तिचा श्वास बंद झाला तेव्हाही तिच्या अंगठ्यानं लावलेलं ते कुंकू इथं आत घट्ट बसून होतं, आणि तो खाली गावात, तिच्या उशाशी बसून, "नाई अजून, नाई अजून" म्हणत होता.

"काय निंगालं रे?" इंद्रभान वाकून बघत होता. "लाल काय हाय ते?"

उकंडानं मूठ मिटली.

"गंज," तो म्हणाला.

इंद्रभाननं त्याच्या मुठीकडं पाहिलं, मग तोंडाकडं. वीस वर्षं एकाच आऱ्याची दोन टोकं धरलेली माणसं. इंद्रभान एवढंच म्हणाला, "हाव. गंजच असन. पावसाळा लय झाला औंदा," आणि दोरी ओढायला वळला. उकंडानं तो कण धोतराच्या कनवटीला खोचला आणि वाटी, नळी, झाकण जागेवर बसवलं.

मशीन चालली. पाचवं मिनिट गेलं, दहावं गेलं. साखळी सागातून आरपार झाली, झाड कण्हलं, कललं आणि सगळा डोंगर हलवून आडवं झालं. धुरळा बसला तरी इंजन चालूच होतं, मधल्या सुरात, मऊ. उकंडा खाली गावाच्या दिशेला पाहत होता. कौलं दिसत होती. कुणाकडं निरोप धाडावा, असं तिथं कुणी नव्हतं.

आवाज ऐकून नारायणराव घड्याळ बघतच वर आले. मागून कामाची माणसं आली, सगळ्यांत शेवटी गुडघ्यावर हात टेकत अंबूबाई.

"पंधरा मिनिटं!" नारायणराव म्हणाले. "सापडली का बे खोट?"

उकंडानं मशीन बंद केली आणि कनवट चाचपून तो कण पुन्हा मुठीत घेतला.

"सापडली, मालक. टाकीच्या झाकनाले हवेचं भोक रायते. ते बुजलं होतं."

"कायनं बुजलं?"

अंबूबाई पदर सावरत पुढं झाली होती. उकंडानं उजवी मूठ पाठीमागं घेतली.

"ग्रीसनं. पेट्रोल हिंदकळून सांडते म्हनून दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्याच ते भोक भरलं होतं. मले वाटलं, भोक फालतू हाय. खोट माही होती."

"तुही?" नारायणरावांचा चेहरा लाल झाला. "अन् इतके दिस मी जंगलखात्याच्या साहेबाले तोंड लपवत फिरून राह्यलो? मशीन धुतली, नारळ फोडले, तवा तुले एकदाबी आठवलं नाई?"

"नाई आठवलं."

"आदमी हाय का कोन हाय बे तू! उद्यापासून मशीनले हात लावू नको. इंद्रभान धरन इंजन. तू कुऱ्हाड घे अन् पडलेल्या झाडाच्या फांद्या साळ."

इंद्रभान पुढं आला. "मालक, आयका तं. त्याच्याबिगर मले..."

"चूप बस, इंद्रभान," उकंडा हळू म्हणाला. "मी सांगन तुले पेच. आवाज ध्यानात ठेवजो, बस."

माणसं पांगली. अंबूबाई तिथंच राहिली. तिची नजर मशीनवर होती, उकंडावर नव्हती.

"मंग त्या बाईचं काई नव्हतं म्हन," ती म्हणाली.

"नाई."

"काईच नव्हतं?"

"तिचं काय असन, आत्याबाई? तिनं दोन फुलं वाह्यली अन् हात जोडले."

म्हातारी डेऱ्याकडं न जाता उतारानं नाल्याच्या बाजूला चालू लागली, एकटीच, झाडाझाडाला हात टेकत. खाली बायका पाणी भरत होत्या. उकंडाला वरून त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. पण अंबूबाई मधोमध उभी राहून हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि एकेक बाई घागर खाली ठेवून ऐकत होती, एवढं त्याला दिसलं. अंबूबाईनं एकदा सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सोनाळ्यात घरोघर कळणार होतं.

त्यानं मूठ उघडली. दाबानं आणि घामानं तो खडा विरला होता, तळहातावर फक्त ओलसर डाग राहिला होता. त्यानं तो हात पुसला नाही, नुसता उन्हात धरला आणि वाळू दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुऱ्हाड घेऊन आडव्या झाडावर चढला. वरच्या अंगाला इंद्रभान आणि एक नवा गडी मशीन चालवत होते. इंद्रभाननं पेच थोडा जास्त उघडला होता, आवाज घोगरा होता. उकंडानं दोनदा मान वर केली, एकदा ओरडून सांगितलं, "अर्धा केस माघारी घे!" मग तो आपल्या फांद्यांना लागला. आधी जाड फांद्या, मग बारीक, मग बुंध्यावर फुटलेले कोवळे धुमारे हातानंच ओढून काढायचे.

दुपारी जेवायची सुटी झाली. भाकर आज त्यानं स्वतः थापली होती, एका बाजूनं करपलेली. फडकं सोडताना त्याला आपले हात दिसले. सागाची कोवळी पानं चुरगळली की लाल रस निघतो. दोन्ही तळवे मनगटापर्यंत लालेलाल झाले होते, बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला.

"चाल ना, हात धुवाले," इंद्रभाननं नाल्याकडं जाता जाता हाक दिली.

"तुमी व्हा पुढं," उकंडा म्हणाला.

सगळे गेले. तो झाडाच्या खोडावर बसला, आणि तसल्याच हातांनी त्यानं भाकरीचा पहिला तुकडा मोडला.